उतार, पोरं आणि आपण

आपल्या बडनेऱ्यात उतार असा आहेच कुठे, असं कुणीही म्हणेल. काळ्या मातीचा सपाट मुलूख. नवी वस्ती काय नि जुनी वस्ती काय, पायडल मारल्याशिवाय सायकल हलत नाही. म्हणून आपण पोरांना सायकल शिकवतो म्हणजे फक्त तोल शिकवतो. मागून कॅरिअर धरायचं, चार पावलं पळायचं, हळूच सोडून द्यायचं. पोरगं पडलं नाही की झालं शिकून.

आणि मग तेच पोरगं एक दिवस ट्यूशनला जाताना रेल्वेच्या पुलावर सायकल घालतं. चढताना दम लागतो, उतरून ढकलतं. वर पोचलं की गार वारा लागतो, खालून मालगाडी जात असते, आणि समोर उतार. या उताराबद्दल आपण त्याला आजवर काय सांगितलेलं असतं? ‘सांभाळून जा.’

सगळेच सांगतो हो. मीही सांगते. गॅसवर फोडणी, हातात डबा, नवऱ्याची ऑफिसची घाई, आणि दारातून तोंड बाहेर काढून एक ‘सांभाळून जाय रे बापा!’ फेकायचं. ते म्हटलं की आपल्याला जरा बरं वाटतं. त्या पोराला मात्र त्यातून काहीच कळत नाही. ब्रेक कधी दाबू? कोणता दाबू? पाय कुठे ठेवू? समोर म्हैस आली तर? त्याच्या पोटात गोळा येतो तेव्हा आपला तो शब्द त्याच्या कामाचा नसतो.

माझा थोरला सध्या अकरावीत आहे. नववीच्या विज्ञानात ‘कार्य आणि ऊर्जा’ नावाचा धडा आहे, त्यातलंच गणित त्यानं मला वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलं. रुळावरच्या विजेच्या तारांवरून पूल न्यायचा म्हणजे तो दोन मजली घराएवढा तरी उंच असतो. त्यातले सहाच मीटर धरा. वरून पायडल न मारता नुसती सायकल सोडली, वारा नि घर्षण हिशेबात घेतलं नाही, तर पायथ्याशी वेग येतो ताशी ३९ किलोमीटर. मी म्हटलं, खोटं. तो म्हणाला, वारा आणि टायर त्यातलं बरंच खातात, पण तू अर्धं कर हवं तर. अर्धं केलं तरी आमच्या गल्लीत धाकटी जशी सायकल चालवते त्याच्या दुप्पट होत होतं. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. उतारावर ते अंतर सपाटीपेक्षा आणखी वाढतं.

आणि पुलाच्या पायथ्याशी काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. वळणारे ऑटो, पाणीपुरीची गाडी, उभी म्हैस, आणि न रंगवलेला गतिरोधक.

हे वाचून उद्यापासून सायकल बंद करू नका म्हणजे झालं. तसं करण्याचा मोह मलाही होतो. पण बंद केलेली सायकल पोरं मित्राच्या घरून चालवतात, आणि मित्राच्या सायकलचे ब्रेक कसे आहेत ते आपल्याला ठाऊक नसतं.

उतारावर पोरं दोन तऱ्हांची दिसतात. एक तऱ्हा हात सोडून, ‘ओ’ करून ओरडत उतरते. दुसरी दोन्ही चपला रस्त्यावर घासत, खांदे कानाला लावून उतरते. पहिल्या तऱ्हेच्या आईबापांना झोप लागत नाही, हे आपल्याला समजतं. दुसऱ्या तऱ्हेच्या पोराची मात्र आपण चेष्टा करतो. ‘एवढ्या पुलाले भेते का?’ तेही मामेभावंडांसमोर. खरं तर ते पोरगं शहाणं असतं. आपल्याला ही सायकल थांबवता येणार नाही, हे त्याला कळलेलं असतं. ते शब्दांत सांगता येत नाही म्हणून ते चप्पल घासतं.

माझ्या धाकटीच्या चपलेचा तळ असाच झिजायला लागला तेव्हा मी सायकल घेऊन मेस्त्रीकडे गेले. ब्रेक लागत नाही म्हटलं. त्यानं ब्रेक दाबून पाहिला, चाक जागच्या जागी थांबलं. मग त्यानं पोरीलाच सीटवर बसवलं आणि म्हणाला, “दाब.” तिनं हँडलची मूठ सोडून, पंजा पुढे ताणून, बोटांच्या टोकांनी तो दांडा कसाबसा ओढला. “ताई, ब्रेकले काही झालं नाही. पोरीचं बोट पोचून नाही राह्यलं.”

मुठीजवळ, ब्रेकच्या दांड्याच्या बुडाशी एक बारका स्क्रू असतो. त्यानं तो आत फिरवला. दांडा मुठीकडे सरकला. मग वायर जरा सैल केली, नाहीतर ब्रेक चाकाला घासत राहिला असता. पुन्हा म्हणाला, “आता दोन बोटानं दाब.” तिनं मूठ न सोडता दोन बोटं टाकली आणि दाबलं. चाक थांबलं. तिनं चार-पाच वेळा उगाचच दाबून पाहिलं. तोंडावर हसू असं काही नव्हतं, पण खांदे खाली आले होते.

सगळ्या सायकलींना तो स्क्रू नसतो, जुन्या दांडी ब्रेकला तर नाहीच. पण पोराला सीटवर बसवून ‘दाब’ म्हणायला काही लागत नाही. मूठ न सोडता बोट पोचतं का, आणि दाबल्यावर दांडा मुठीला टेकायच्या आत चाक थांबतं का, एवढंच बघायचं. ब्रेकची रबरं झिजून गुळगुळीत झाली असतील तर बदलून घ्यायची. अगदी किरकोळ खर्च आहे. आपण सायकलची घंटी, टोपली, मुठीच्या झिरमिळ्या हौसेनं घेतो. रबरांकडे बघायला सवड होत नाही.

त्यातून आपली आणखी एक सवय. गणवेश जसा दोन इंच मोठा शिवतो, तशी सायकलही वाढत्या अंगाची घेतो. पैसा काही झाडाला लागत नाही, खरंच आहे. पण सीटवर बसून ज्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत, ते पोरगं उतारावर थांबणार कसं? थांबलं की आडवं होणार, हे त्याला माहीत असतं, म्हणून ते थांबतच नाही. सीट खाली घेता येते, पानाही आपल्या घरात असतो. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकेपर्यंत खाली घ्या. चढावर गुडघे दुखतील म्हणून कुरकुर करेल, करू द्या. उतार नीट यायला लागला की सीट पुन्हा वर.

आता पुढच्या ब्रेकचं. आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘पुढचा ब्रेक दाबायचा नाही, उलटशील.’ तेच आपण पोरांना सांगतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. ब्रेक लागला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणून सायकल थांबवायचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा करकचून दाबला की मागचं चाक लॉक होतं, घसरतं, सायकल आडवी जाते. पोरं मुरमावर मुद्दाम तसं करून टायरचे पट्टे ओढतात ना, तेच उतारावर नको असताना होतं. नुसता पुढचा झटक्यानं दाबला तर उलटायची भीती खरीच. म्हणून दोन्ही, एकाच वेळी, हळूहळू जोर वाढवत. आणि दाबताना बूड सीटवर जरा मागे सरकवून, कोपरं सैल ठेवून. कोणता दांडा कोणत्या चाकाचा, ते पोराला स्वतःलाच सायकल ढकलत, एकेक दाबून शोधू द्या. स्वतः शोधलेलं ते विसरत नाही.

सराव पुलावर नको. एखाद्या रविवारी सकाळी, रहदारी नसलेला, जेमतेम उताराचा रस्ता शोधा. कॉलेजच्या मागचा, लेआउटमधला, कसाही. रस्त्यावर खडूनं एक रेघ ओढायची आणि सांगायचं, पुढचं चाक या रेघेवर थांबव. रेघेच्या पुढे गेलं तरी काही बोलायचं नाही, अलीकडे थांबलं तरी नाही. आपण मुकाट्यानं पुन्हा वर जायचं. खरं सांगते, हे मुकाट राहणंच सगळ्यात अवघड आहे. तोंडातून ‘ब्रेक, ब्रेक, ब्रेक मार!’ निघतंच. आणि आपण ओरडलो की पोरगं आपल्याकडे बघतं, रस्त्याकडे नाही.

थोड्या वेळानं ते रेघेवर नेमकं थांबायला लागतं. मग त्याला खेळ सुचतात. रेघ वर घे, खाली घे, डोळे मिटून थांबू का? (नाही.) माझ्या मते उतारावरची हिंमत इथेच तयार होते. जोरात जाता येतं म्हणून ती येत नाही. पाहिजे तिथे थांबता येतं म्हणून येते. हात सोडून उतरणाऱ्या पोरालाही हाच खेळ द्यावा. त्याला भीती घालून उपयोग नसतो, पण रेघ चुकली की त्याचा अहंकार दुखावतो, आणि तो आपोआप वेग कमी करतो.

पुढची गोष्ट नजरेची. खड्डा दिसला की पोरं खड्ड्याकडेच बघत राहतात, आणि बरोबर त्याच खड्ड्यात जातात. आपणही गाडीवर तेच करतो. नजर जाते तिकडे हँडल जातं. म्हणून ‘खड्डा बघ’ असं न सांगता ‘खड्ड्याच्या बाजूनं कुठून जाशील तिकडे बघ’ असं सांगायचं. वळणाला वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळता वळता ब्रेक करकचून दाबला की सायकल निसटते. वळणात पायडल थांबवायचं आणि बाहेरच्या बाजूचं पायडल खाली ठेवायचं. आतलं खाली असलं तर सायकल कलल्यावर ते रस्त्याला घासतं. सरळ उतारावर दोन्ही पायडलं सारख्या उंचीवर, आणि गतिरोधक आला की सीटवरून किंचित उठायचं. एकदम सगळं सांगू नका. एका रविवारी एकच.

हँडलला लटकवलेल्या पिशव्यांबद्दल मी बोलणार होते, पण कुणाला बोलू? दळणाचा डबा, दुधाची पिशवी आपणच अडकवून देतो. उतारावर ती पिशवी हेलकावे खाते, हँडल फिरवते, कधी चाकाच्या तारांत जाते. सामान मागे कॅरिअरवर, दोरीनं बांधून. मुलींची ओढणी कमरेला गाठ मारून. पायात चप्पल नको, बूट. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं सोडून. मागे टोपीसारखं ढकललेलं हेल्मेट शोभेचं. आणि डबलशीट पुलावर नाही म्हणजे नाही. मागे धाकटा बसला की ब्रेकला दोघांचं वजन थांबवावं लागतं, हे मोठ्याला माहीत नसतं.

पावसाळ्यात आपल्याकडे एक वेगळंच संकट असतं, ते पुस्तकात सापडायचं नाही. शेतातून आलेले ट्रॅक्टर रस्त्यावर काळी माती सांडत जातात. ओली झाली की ती लोण्यासारखी नाही हो, सरळ साबणासारखी. तीच माती टायर नि मडगार्डच्या मधे गच्च बसते, ब्रेकच्या रबरावर थापली जाते. शिवाय रिम ओली असली की पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर नुसतं पाणी पुसलं जातं, पकड नंतर येते. म्हणून पावसात उतार सुरू व्हायच्या आधीच, सपाटीवर दोन-तीनदा हलका ब्रेक लावून रिम पुसून घ्यायची. हे धाकटीला सांगितलं तर ती म्हणाली, “मग आधी सांगायचं ना!” बरोबर आहे. ते मलाही मेस्त्रीनंच सांगितलं होतं.

रस्ते आता सुधारले. २०२२ च्या जूनमध्ये आपल्या शेजारच्या लोणीपासून अकोल्याकडे माना गावापर्यंतच्या पट्ट्यात महामार्गावर एका पदराचा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला, गिनीज बुकात नोंद झाली. आपल्याला कौतुक आहेच. पण गुळगुळीत रस्त्यावर सायकल खडखडत नाही, म्हणून वेग कळत नाही. पोराला आपण किती जोरात आहोत हे कानाजवळच्या वाऱ्यावरूनच ओळखावं लागतं. महामार्गावर लहान पोरांनी सायकल घालूच नये या मताची मी आहे. त्याच्या बाजूचे, पुलाखालचे रस्ते ओलांडतानाही उतरून, हातात धरून.

उतरून चालत येणं ही गोष्ट घरात एकदा नीट बोलून ठेवा. भीती वाटली, ब्रेक ढिला वाटला, मागून ट्रक आला, की उतरायचं नि सायकल हातात धरून पूल उतरायचा. त्यासाठी कुणी हसणार नाही, निदान घरात तरी. मित्र हसतात, हे खरं. त्यावर माझ्या थोरल्यानं धाकटीला तोडगा दिला, तो मला फार आवडला. म्हणाला, ‘चेन उतरली म्हणायचं.’ मला खोटं बोलणं आवडत नाही, पण या खोट्याला मी काही बोलले नाही.

मुलींच्या बाबतीत आपली भीती जरा जास्तच असते. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत मुली मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवरून शाळेत येतात. सायकल आली म्हणून शाळा सुटली नाही, अशा मुली माझ्या ओळखीच्या आहेत. सायकल मिळाली की तिला ‘पायी येत होती तेच बरं होतं’ असं ऐकवण्यापेक्षा, एक सकाळ तिच्याबरोबर उतारावर घालवलेली बरी. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. तिथल्या मल्लखांबावर चढण्याइतकंच उतरणंही शिकवावं लागतं, हे आपल्या भागाला काही नवीन नाही.

एकदा पूल जमला की पोरांच्या तोंडी पुढचं नाव येतं ते डोंगरातल्या कोंडेश्वराच्या देवळाचं. श्रावणात डोंगर हिरवा झाला की सगळ्यांनाच जायचं असतं, आणि श्रावणी सोमवारीच जायचं असतं. तेव्हा नको म्हणा. त्या दिवशी रस्त्यावर गर्दी, मोटारसायकली, नारळाच्या पिशव्या. आधी कोरड्या दिवसात, सकाळी, मोठ्या माणसाबरोबर. चढ-उताराचा रस्ता आधी पायी किंवा गाडीवर दाखवून आणला तर पोरांना वळणं पाठ होतात.

आणि मग चिखलदरा! अमरावती-अकोल्याचे हौशी सायकलवाले मोठ्या तोऱ्यात तिथले फोटो टाकतात, ते पोरं बघतात. चिखलदरा साधारण १,१०० मीटर उंचीवर, परतवाडा ३७० च्या आसपास. म्हणजे धामणगाव गढीमार्गे तीसेक किलोमीटरच्या रस्त्यात ७०० मीटरहून जास्त उतरायचं, आणि त्यातलं बरंचसं घाटातच. पोरगं आणि सायकल मिळून ५० किलो धरले, तर ७०० मीटर उतरताना जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात लिटरभर पाणी उकळेल. काही वारा नि टायर खातात, बाकी सगळी ब्रेकच्या रबरात नि रिममध्ये जाते. ब्रेक सतत धरून ठेवला तर रिम चटका बसेल इतकी तापते, आणि पोराच्या बोटांना मुंग्या येतात. बोटं थकली की ती सांगत नाहीत, नुसती सुटतात.

घाटात म्हणून ब्रेक थोडा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. वेग हाताबाहेर जायच्या आधीच. थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला पूर्ण थांबायचं, हात झटकायचे, पाणी प्यायचं, रिमला हात लावायचा नाही. माकडांना काही खायला द्यायचं नाही, ती एकदम आडवी येतात. धुकं असेल तर त्या दिवशी उतार गाडीतून. मला विचाराल तर रेघेवर थांबायला शिकलेल्या, आणि स्वतःचे ब्रेक स्वतः तपासणाऱ्या पोरालाच घाटात न्यावं. वय त्यानंतर बघावं.

आणि आपली गाडी त्याच्या मागे मागे लावू नका. मागून हॉर्न, मागून दिवे, मागून आईचा आवाज. पोरगं घाबरून नको तिथे वळतं. आपण पुढच्या वळणावर जाऊन थांबावं, गाडी कडेला लावावी आणि वाट बघावी. ते दिसेपर्यंतची पाच मिनिटं कशी जातात ते मला माहीत आहे. शेंगदाणे घेऊन जा, हाताला काहीतरी काम लागतं.